मागे राहिलेले घर

मोठ्या माणसांची घरे पाहण्याची मला फारशी हौस नाही. चष्मा, दौत, काठी, खाट! काचेआड ठेवलेल्या काठीवरून माणूस कसा चालत होता ते काही कळत नाही. शिवाय अशा घरांत चूल कुठे होती हे कुणी आपणहून दाखवत नाही. तरी टॉलस्टॉयच्या यास्नाया पोल्यानाला मी गेले. माझी भाची नोकरीनिमित्त मॉस्कोत असते. ती म्हणाली, "मावशी, सकाळी निघू, रात्री परत येऊ." मॉस्कोच्या दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटर जायचे, तुला नावाचे शहर ओलांडायचे, की ते गाव आलेच. "आता तुला" असे भाची दर पाऊण तासाने म्हणे आणि मला उगीच काहीतरी मिळणार असे वाटे.

फाटकाशी दोन गोल पांढरे बुरूज आहेत, पुढे तळे, आणि मग बर्चच्या झाडांमधून चढत जाणारी वाट. पाने पिवळी झाली होती. सारे चित्रासारखे होते, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. घर मात्र मनात धरले होते त्याहून लहान निघाले. खरे म्हणजे ती मूळच्या मोठ्या वाड्याची एक बाजू. ज्या वाड्यात टॉलस्टॉय १८२८ साली जन्मला, तो तरुणपणी सैन्यात असताना त्याने विकायला लावला. घेणाऱ्याने तो उतरवून नेला आणि आलेला पैसा पत्त्यांत गेला. त्या जागी आता झाडे आहेत.

अभ्यासिकेत काळ्या कातड्याचा एक कोच आहे. टॉलस्टॉय त्याच कोचावर जन्मला. झोपण्याची खोली अगदी साधी. लोक तिथे खालच्या आवाजात बोलत होते. मी रेंगाळले ती सोफियाच्या खोलीत. देवांच्या तसबिरी आणि माणसांची छायाचित्रे यांनी ती इतकी भरली आहे, की भिंत दिसावी कशी! १८६२ साली लग्न होऊन ती इथे आली तेव्हा अठरा वर्षांची होती. तेरा बाळंतपणे झाली, पाच मुले लहानपणीच गेली. 'युद्ध आणि शांती'चे गिचमीड कागद तिने पुनःपुन्हा उतरून काढले. पुढे मालकी हे पाप आहे असे नवऱ्याला वाटू लागले आणि १८९२ साली त्याने सगळी मालमत्ता तिच्या व मुलांच्या नावे वाटून टाकली. तो मोकळा झाला. जमाखर्च तिच्याकडे आला आणि लोभी हे नावही तिच्याच वाट्याला आले. मालकी नको म्हणणाऱ्यालाही दोन वेळा जेवायला लागत होतेच.

१९१० साली नोव्हेंबरातल्या एका रात्री, ब्याऐंशीव्या वर्षी, बायकोला चिठ्ठी ठेवून तो निघून गेला. बरोबर डॉक्टर होता. दहा दिवसांनी अस्तापोवोच्या रेल्वे स्टेशनात तो वारला. सोफिया तिथे पोचली होती, पण त्याची शुद्ध हरपेपर्यंत तिला आत सोडले नाही. खिडकीतून डोकावणाऱ्या म्हाताऱ्या सोफियाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

मी नागोठण्याची. आमच्याकडे पेणहून डोंगराच्या बाजूला गागोदे म्हणून गाव आहे. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. त्यांनीही घर सोडले. १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईला म्हणून बडोद्याहून निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. मग गांधीजींकडे. गांधीजींच्या आफ्रिकेतल्या वसाहतीला टॉलस्टॉयचे नाव होते, तेव्हा पाहुण्यांना हे नाते दूरचे वाटायचे कारण नाही. पण मला गागोद्याची आठवण झाली ती विनोबांमुळे नव्हे, त्यांच्या आईमुळे. रखुमाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले होते. एकेक दाणा मोजून त्या वाहत. वजन करून हिशेब धरावा, असे वडिलांनी सुचवले. मोजण्यातच भक्ती आहे, ही बाजू विनोबांनी उचलली. परसातला फणस पिकला की पहिले गरे शेजाऱ्यांच्या घरी जात, आणि ते पोचवायला छोटा विन्या. मला वाटते, भूदानाची सुरुवात १९५१ साली पोचमपल्लीला झाली असे म्हणतात ते हिशेबाच्या वहीपुरते खरे असावे.

भूदानाच्या दिवसांत आमच्या मामंजींनीही नदीकडचे एक खाचर दिले. घरात विचारले नाही. माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते पाणवठ्यावर दुसरीकडून कळले. मी १९७२ साली सून होऊन आले तेव्हा मामंजींचा गावात मोठा मान होता. माई त्या विषयावर एक अक्षर बोलत नसत. मात्र भात झोडून झाले, की ते खाचर मिळालेले कुटुंब दिवाळीच्या आगेमागे एक पायली नवे तांदूळ घेऊन दारात येई. माई ते स्वतः पुन्हा मापून घेत, टोपलीत नारळ घालून परत करीत, आणि त्या रात्री त्याच तांदळाचा भात लावीत. मामंजींना वाढताना "हा तिकडचा" एवढेच म्हणत. त्यात रुसवा किती आणि माया किती, हे मला पन्नास वर्षांत उलगडलेले नाही. गेल्या वर्षी गावातल्या मंडळींनी मामंजींचा फोटो सभागृहात लावला. माईंचा मागायला कुणी आले नाही. आणि खरे सांगायचे तर त्यांचा एकटीचा फोटो आमच्या घरी नाहीच.

टॉलस्टॉयची समाधी घराजवळच्या रानात, घळीच्या काठावर आहे. क्रूस नाही, नाव नाही, नुसता गवताचा उंचवटा. लहानपणी त्याच्या थोरल्या भावाने सांगितले होते, की सगळ्या माणसांना सुखी करण्याचे गुपित लिहिलेली एक हिरवी काठी इथे पुरली आहे. ती जागा फार सुंदर आहे, आणि ती बघायला सगळेच जातात.

"सोफिया कुठे आहे?" मी विचारले.

भाचीने वाटाड्या बाईंना विचारले. सोफिया १९१९ साली वारली, शेवटपर्यंत याच घरात राहिली. तिला जवळच्या कोचाकी गावच्या देवळाशी पुरले आहे, घरच्या इतर माणसांत. उशीर होत होता. भाचीने घड्याळ पाहिले, पण काही न बोलता गाडी तिकडे वळवली.

देवळाच्या आवारात आम्ही दोघीच होतो. इथे नाव होते. फाटकाशी एका म्हातारीकडून घेतलेली त्या बागेतली सफरचंदे माझ्या पिशवीत होती. त्यांतले एक मी पदराने पुसून तिथे ठेवले. उरलेली गाडीत खात आम्ही मॉस्कोला परतलो. ती आंबट होती.