रेहेकुरीचा कृष्णसार

शाकुंतलाचा पहिला अंक आम्हीं कितीएक वर्षें शिकविला. त्यांतील कृष्णसार, म्हणजे काळवीट, प्रत्यक्ष पाहिला तो परवां, अहिल्यानगर जिल्ह्यांत कर्जतजवळच्या रेहेकुरीच्या माळावर. अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरांचें हें अभयारण्य १९८० सालीं त्याच्याचसाठीं राखण्यांत आलें.

सोबत आमचा जुना विद्यार्थी, छायाचित्रकार. कळप दिसतांच आम्ही पुढें सरसावलों. त्यानें हात धरला. "गुरुजी, चित्र न मिळो, कळप बिथरतां कामा नये." चित्र मिळालेंच नाहीं.

परततांना गांवच्या शाळेंत त्यानें जुनीं चित्रें दाखविलीं. काळवीट पिकें खातो, एवढेंच मुलांस ठाऊक. एका मुलीनें विचारलें, "हा आपल्याच माळावरचा?"

राजाचा बाण तपस्व्यांनीं कां अडविला, हें आम्ही वर्गांत सांगत असूं. त्या दिवशीं तें शिष्यानें आम्हांस दाखविलें.