आधी पाणी बघा, मग फुलं

यवतमाळ,
बलिप्रतिपदा

ती. ताईस,


तुमच्या मंडळातल्या निम्म्या जणींना सहलीला स्पेन पाहायचंय, निम्म्यांना काशी झाल्याशिवाय दुसरं काही नको. आणि मी मे महिन्यात ग्रॅनाडा-कोर्दोबाच्या बागा पाहून आलोय म्हणून माझ्या शब्दाला वजन येईल, असं तुला वाटतं. वजन येवो न येवो, मत विचारलंस म्हणून सांगतो. आधी संभाजीनगर आणि नगर करा. तीन दिवस, दोन मुक्काम. स्पेन मागाहून. पैसे वाचतात म्हणून नव्हे (वाचतात, आणि भरपूर वाचतात), पण या जातीची बाग बघायची कशी हे इथं शिकता येतं. ते न शिकता तिकडं गेलं की फोटोंखेरीज हाती काही लागत नाही. आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांचं तेच झालं.

तू विचारतेस, स्पेनातल्या मुसलमानी बागा आणि आपल्या औरंगजेबाच्या बायकोची कबर यांचा संबंध काय? संबंध दुष्काळाचा आहे. ही बाग इराणच्या रखरखीत पठारावर जन्मली. चार बाजूंनी उंच भिंत, म्हणजे बाहेरची धूळ आणि लू आत येऊ नये. मधून एकमेकांना छेदणारे दोन पाट, त्यामुळं जमिनीचे चार तुकडे पडतात, म्हणून चारबाग. पाट जिथं मिळतात तिथं हौद. पुढं उमय्यद घराण्यातला एक राजपुत्र जीव वाचवून सीरियातून पळाला आणि आठव्या शतकात कोर्दोबाला राज्य थाटून बसला. त्याच्यामागं ही विद्या पश्चिमेला गेली. पूर्वेला ती बाबराबरोबर आली. हिंदुस्थानातल्या बागांना वाहतं पाणी नाही म्हणून या गृहस्थानं आपल्या आठवणींत जी कुरकूर केली आहे ती वाचण्यासारखी आहे, आणि कुरकूर करून थांबला नाही, आग्र्याला यमुनेकाठी लगेच बाग घातली. आपल्या दख्खनला मात्र बाबराची वाट पाहावी लागली नाही. बहमनी आणि निजामशाहीच्या दरबारांत इराणची माणसं समुद्रमार्गे आधीपासूनच येत होती.

आता ग्रॅनाडा. अल्हम्ब्रा हा किल्लाही आहे आणि राजवाडाही. 1238 च्या सुमारास नस्री घराण्यातल्या पहिल्या मुहम्मदानं त्याचं काम काढलं, आणि 2 जानेवारी 1492 ला तो ख्रिस्ती राजाराणीच्या हाती गेला. डोंगरावर पाणी नव्हतं. म्हणून वर, जवळजवळ सहा किलोमीटरवर, दार्रो नदीला बांध घालून तिथून पाट काढला आणि तो डोंगराच्या कडेकडेनं उतार सांभाळत आणला. गाईडनं हे एका वाक्यात उरकलं आणि सिंहांच्या चौकाकडं वळला. तिथं बारा सिंह पाठीवर कारंज्याचं पात्र घेऊन उभे आहेत, भोवती एकशे चोवीस खांब. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? पण मला तो सहा किलोमीटरचा पाट जास्त मोठा वाटला. सिंह कोरणारा कारागीर पैसे मोजले की मिळतो. उतार न चुकवता पाणी आणणारा मिळायला नशीब लागतं. आपल्याकडच्या कालव्यांची गत तुला मी सांगायला नको.

त्याच्या पलीकडं हेनेरालिफे, सुलतानाची उन्हाळ्यातली बाग. मधोमध लांबच लांब पाट आणि दोन्ही बाजूंनी पाण्याच्या कमानी. जगभरच्या कॅलेंडरांवर हेच चित्र असतं. तर त्या कमानी सुलतानाच्या नव्हेतच, फार नंतरच्या. त्याच्या काळी पाणी नुसतं पाटातून वाहत असे, जवळजवळ निःशब्द. 1958 मध्ये तिथं आग लागली, मग उकरून पाहिलं तेव्हा जुने वाफे आजच्या मातीच्या बरेच खाली सापडले. म्हणजे वाटेवरून चालणाऱ्याच्या पायाशी फुलं यायची, गालिच्यावरून चालल्यागत. आज झाडं छातीपर्यंत येतात आणि पाटच दिसत नाही. ही बाग 1921 पर्यंत एका सरदार घराण्याकडं होती. सरकारशी पिढ्यान्‌पिढ्या दावा चालून शेवटी ती सरकारजमा झाली. आपल्याकडच्या जमिनीच्या भांडणांना तिकडंही भाऊबंद आहेत तर, असं मनात आलं.

तिथं एक जिना आहे, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. दगडी पायऱ्या, वर झाडांची गच्च सावली. दोन्ही कठड्यांच्या माथ्यावर पन्हळ कोरलेली आणि तिच्यातून पाणी खळखळत खाली येतं. धरायला हात ठेवावा तो पाण्यातच पडतो. टेकू घेऊन चढणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाताला गारवा, कानाला आवाज. पाणी पुढं वाफ्याला मिळतंच, वाया थेंब जात नाही. मी तिथं हात बुडवून उभा होतो तेवढ्यात कानातल्या यंत्रातून गाईड म्हणाला, सात मिनिटांत बसपाशी या. टूरवाल्यांनी त्या अख्ख्या बागेला पाऊण तास दिला होता आणि जेवणाला दीड. (जेवणात पुलाव आणि पनीर. स्पेनमध्ये!) कंपनीचं नाव लिहीत नाही, दुसऱ्याही तेच करतात.

खाजगी बागा म्हणशील तर त्या कोर्दोबाला. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तिथं अंगणांचा उत्सव असतो. 1921 साली स्पर्धा म्हणून तो सुरू झाला, 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. लोक आपल्या राहत्या घराचं दार उघडतात, आपण रांगेनं आत जायचं, अंगण बघायचं, पुढच्या दारानं बाहेर. मध्ये विहीर किंवा छोटं कारंजं, खाली गोट्यांची फरसबंदी, आणि चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतींवर खालपासून कौलांपर्यंत टांगलेल्या कुंड्या, बहुतेक जिरेनियमच्या. एका घरात सत्तरीची बाई वरच्या कुंड्यांना पाणी घालत होती. लांब वेळू, त्याच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला. डबा भरायचा, वेळू उचलायचा, कुंडीवर बरोबर कलता करायचा. अंगावर थेंब नाही की जमिनीवर नाही. दुभाष्यामार्फत मी विचारलं, रोज किती वेळ जातो? ती हसली आणि वेळू माझ्याच हातात दिला. पहिला डबा मी शेजारच्या जपानी बाईच्या टोपीवर ओतला, मग घरच्या बाईनं वेळू काढून घेतला.

ते अंगण पाहताना पुसदच्या आपल्या आजोळच्या चौकाची आठवण येणारच. तिथंही मध्ये रहाट होता, मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात जायचं आणि आजी भांडी विसळलेलं पाणी जास्वंदीला घालायची. आता तिथं गाडी उभी राहते. पण म्हणून सांगतो, या बागा समजायला आपल्याइतके लायक लोक दुसरे नाहीत. 2018 चा उन्हाळा आठव. निळोणा धरण आटलं, चापडोहही आटलं, आणि इथं यवतमाळात टँकर आला की बादल्या घेऊन कोण कुणाच्या पुढं यावरून चांगल्या घरच्या माणसांची तोंडं सुटली. ज्यानं तो उन्हाळा काढला, त्याला चारबागेतला बोटभर खोलीचा पाट काय सांगतो हे गाईडनं समजावायला नको. लंडनहून येणारा प्रवासी तिथं फुलं बघतो. आपण पाणी बघावं.

म्हणून संभाजीनगरला आधी मकबऱ्याकडं धावू नका. आधी पाणचक्की. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या सूफी फकिराच्या दर्ग्यातली ती. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, मातीच्या नळांनी इथवर आणलं आहे. ते उंच भिंतीवर चढवून वरून सोडलं की त्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. चक्की फिरवून झालेलं पाणी पुढच्या हौदात. आणि खरी गंमत हौदाच्या खाली आहे. तिथं खांबांचं मोठं दालन आहे, हौदाचा तळ हेच त्याचं छत. उन्हाळ्यात यात्रेकरूंनी गारव्याला बसावं म्हणून केलेली ती सोय. एकच पाणी दळतं, दिसतं, गारवा देतं आणि शेवटी झाडांना जातं. शहराच्या नहरींची ही परंपरा मलिक अंबरपासूनची. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे हेच शहर, वसवताना त्यानं आधी पाण्याचा बंदोबस्त केला. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, त्याला पाण्याची किंमत कुणी शिकवावी लागली नसेल.

मग बीबी का मकबरा. दिलरास बानू बेगम 1657 मध्ये वारली, तिच्यासाठी हे बांधलं. काम 1661 पर्यंत झालं असं धरतात, आणि श्रेय मुलगा आझमशाह याच्याकडं जातं. शिल्पी अताउल्ला, अभियंता हंसपतराय. ही दोन्ही नावं मुख्य दरवाजावर कोरलेली आहेत, ती शोधायला लावा बायकांना. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’त खर्चाचा आकडा 6,68,203 रुपये 7 आणे असा दिला आहे. सात आण्यांपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाला माझा नमस्कार. संगमरवर कमरेच्या उंचीपर्यंत आणि मग थेट घुमटाला, मधे आपला काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत गिलावा. म्हणून लोक याला गरिबाचा ताज म्हणून हिणवतात. मला ती तुलनाच पटत नाही. ताज नदीकाठी, बागेच्या टोकाला उभा आहे. मकबरा बागेच्या मधोमध आहे, साधारण 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद आवाराच्या पोटात. चारही बाजूंनी पाट त्याच्याकडं येतात. इथं बाग आधी आहे, इमारत तिच्या पोटी.

दरवाजातून आत शिरल्यावर पाच मिनिटं तिथंच थांबा. समोरचा लांब हौद, कारंजी, दुतर्फा फरसबंद वाटा. कारंजी बहुधा कोरडी मिळतील, त्याचा बाऊ करू नका. कोरड्या पाटात उतार आणि पाणी वळवण्याच्या जागा उलट स्पष्ट दिसतात. मला खटकतं ते गवत. इतकी हिरवळ ही इंग्रजांची आवड. ताजच्या आवारातली गर्द झाडी विरळ करून त्यांनी हिरवळी अंथरल्या, आणि तेव्हापासून मोगल बाग म्हटलं की आपल्याला गवतच डोळ्यांपुढं येतं. मूळच्या बागेला फळझाडं लागत, सावली लागे. गवताला जितकं पाणी रोज पाजतात तितक्यात संत्र्यांची अख्खी ओळ जगेल, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. पुरातत्त्ववाल्यांनी एका तरी चौकात डाळिंब-संत्री लावून बघावीत, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी नगर. तिथं भिंगारजवळ फराह बाग. निजामशाहीतला अष्टकोनी दुमजली महाल, 1583 च्या सुमारास पुरा झालेला, एका मोठ्या तलावाच्या ऐन मध्यावर. त्या तलावात आता पाणी नाही. महाल ओकाबोका, खालून चालत जाता येतं. अर्ध्या जणी म्हणतील, यात बघायचं काय? त्यांना विचार, चौफेर पाणी असताना वाऱ्याची झुळूक कुठून आत येत असेल. कमानी मोजून त्या आपणच उत्तर काढतील. तशीच रचना, लहान प्रमाणात, आपल्या वऱ्हाडात अचलपूरला आहे. हौज कटोरा, तळ्यात उभा अष्टकोनी मनोरा. तो एका दिवसाचा बेत आहे, या सहलीत कोंबू नका.

गाईड घ्या, पण त्याला आधीच सांगा की शहाजहान-मुमताजच्या गोष्टी नकोत, पाणी कुठून यायचं आणि कुठं जायचं तेवढं दाखव. दाखवता आलं नाही तर निम्मे पैसे. पुसदहून वाशीममार्गे मेहकरला समृद्धी महामार्गाला लागलात की पुढचा रस्ता सुखाचा. त्या महामार्गावर बसच्या टायरांची आणि चालकाच्या झोपेची चौकशी मात्र तू स्वतः कर, दुसऱ्यावर सोपवू नकोस. डिसेंबरच्या आत गेलात तर ऊन सोसवेल. गुडघेवाल्यांसाठी घडीच्या खुर्च्या घ्या, बागेत बसायचंच असतं. आणि एका जागी दोन तासांपेक्षा कमी वेळ मी यादीत लिहिणारच नाही.

स्पेनचं मग पुढच्या वर्षी बघू. पासपोर्ट काढायला आत्तापासून सांगून ठेव, कारण अल्हम्ब्राचं तिकीट नावानिशी असतं आणि आतल्या महालांना अर्ध्या तासाची वेळ ठरवून देतात, चुकली की गेली.

किती जणी येणार तो आकडा कळव. वीसच्या खाली असेल तर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतो, वर गेला तर मोठी बस.

तुझा,
धाकटा