अर्धी लाट प्रवाळाची

ताहिती बेटाच्या नैऋत्येला, जिथे किनाऱ्याचा रस्ता संपतो, तिथे तेआहुपो हे गाव आहे. तिथली लाट जगातल्या सर्वांत घातक लाटांमध्ये मोजतात. मी ती फक्त पडद्यावर पाहिली आहे. वारंवार, आणि दर वेळी खुर्ची जरा मागे सरकवून.

कोकणातल्या पुळणीवर लाट येता येता दमते. तळ हळूहळू चढत जातो, तिचा पाय वाळूत अडखळतो आणि आपल्या पोटऱ्यांना लागतो तो नुसता फेस. तेआहुपोच्या लाटेला दमायला सवडच नसते. दूर दक्षिणेकडच्या वादळांनी हाकललेली ती कित्येक दिवस खोल समुद्रातून येते आणि एकाएकी प्रवाळाच्या कड्यावर चढते. पाय अडतो, माथा पुढे कोसळतो. समोरचं पाणी ती स्वतःच ओढून घेते, म्हणून तिचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला दिसतो. खाली जेमतेम कंबरभर पाणी, आणि मग धारदार प्रवाळ.

शेजारी मात्र होड्या खुशाल उभ्या असतात. नदीच्या गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही, त्यामुळे मुखासमोर त्याच्या कड्याला खिंड पडते. तिथे तळ खोल, लाट फुटत नाही. छायाचित्रकार आणि बघे तिथेच बसतात, लाटेपासून हाकेच्या अंतरावर. व्यावसायिक सर्फरचं पोटही, मला वाटतं, या खिंडीवरच चालतं. फोटोच निघाला नसता तर प्रायोजकाने पैसे कशाचे मोजले असते?

१७ ऑगस्ट २००० रोजी लेअर्ड हॅमिल्टन या सर्फरला जेट स्कीने इथल्याच एका अजस्र लाटेवर ओढून सोडलं. पाणी त्याला वर खेचू लागलं, तेव्हा त्याने फळीच्या पलीकडच्या बाजूला हात बुडवून तोल धरला. ‘लाट जिंकली’ असं लिहिणाऱ्यांनी तो हात बघावा.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग इथेच झालं. पंचांसाठी प्रवाळावर अॅल्युमिनियमचा नवा मनोरा ठरला, तसे गावकरी विरोधात उभे राहिले. मनोरा आटोपशीर करावा लागला. तरी डिसेंबर २०२३मध्ये चाचणीच्या वेळी बांधकामाच्या तराफ्याने प्रवाळ मोडलंच. बाहेरच्यांना ते पर्यावरणाचं आंदोलन वाटलं. गावाला मासळीची काळजी होती आणि लाटेचीही: प्रवाळाचा साचा बिघडला की लाट बिघडणार.

पुरुषांच्या अंतिम फेरीत ताहितीच्याच कौली वास्तने सुरुवातीलाच दोन लाटांच्या पोटातून फळी सफाईने बाहेर काढली. मग समुद्र थंडावला. ऑस्ट्रेलियाचा जॅक रॉबिन्सन क्षितिजाकडे बघत राहिला, हवी तशी लाट आलीच नाही. १७.६७ विरुद्ध ७.८३. मी याला नशीब म्हणते. माझ्या मुलाला ते अजिबात पटत नाही. लहानपणापासून कौली ज्या पाण्यात खेळला, तिथे पहिली लाट सोडायची नाही एवढं त्याला कळणारच, असं त्याचं म्हणणं.