आजच्या भाकरीपुरता भरवसा

कटंगी, जि. बालाघाट

प्रिय ताई,


देवावरचा भरवसा हा शब्द मंडळीत इतका सैल वापरला जातो, की पुष्कळदा त्याचा अर्थ ‘स्वस्थ बसणे’ एवढाच उरतो. शास्त्रातला अर्थ तसा नाही. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना देवाकडून येई, पण तो वेचायला रोज सकाळी छावणीबाहेर वाकावेच लागे. उद्यासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचण्याची मुभा होती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणी आहे ती आजच्या भाकरीची, वर्षभराच्या कोठीची नाही. पौलाने करिंथमध्ये तंबू करून पोट भरले. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवले. काटा राहिला, तो सोसण्यापुरती कृपा मिळाली.

बालाघाटच्या धानपट्ट्यात हे समजायला अवघड जाऊ नये. पऱ्हे टाकणाऱ्याच्या हातात पाऊस नसतो. पण धुरे फुटके ठेवून आभाळाकडे पाहत बसणाऱ्याला गावात कोणी भाविक म्हणत नाही; आळशीच म्हणतात.

मराठीत या भरवशाचे सर्वांत भक्कम उदाहरण पंडिता रमाबाईंचे. जन्म १८५८चा, त्यांच्या ऐन तारुण्यात आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. बालाघाट तेव्हा त्याच प्रांतातला जिल्हा, आणि त्या दुष्काळाची झळ त्यालाही बसलेली. त्या प्रांतातून त्यांनी ३००च्या आसपास अनाथ मुली आणि विधवा पुण्याकडे नेल्या. इतक्या तोंडांना पुरेल अशी बांधलेली मिळकत हाती नव्हती. देणगी येईल तशी चूल पेटायची. तरी केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात नुसती प्रार्थना चालत नव्हती. विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि गुरे सांभाळली गेली, माग बसले, छापखाना उभा राहिला. उपाशीपणा काय असतो हे अंगावर काढलेल्या बाईचा भरवसा होता तो. त्यात भाबडेपणाला जागा नव्हती.

कवी नारायण वामन टिळकांच्या घरातली गोष्ट वेगळी आणि सामान्य संसाराला अधिक जवळची. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांना गाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला.   १८९५मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावून राहिल्या आणि १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ख्रिस्ताच्या अनुयायांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट लपत नाही: देवाच्या हवाली करून मोकळे व्हायचे ते टिळकांनी, आणि डाळतांदळाचा मेळ घालायचा तो लक्ष्मीबाईंनी. टिळकांच्या श्रद्धेचे कौतुक पुष्कळ झाले. लक्ष्मीबाईंची श्रद्धा मात्र भांडत, रुसत, हसत वाढलेली, आणि रोजच्या ओढाताणीत तीच जास्त कामाची. टिळक १९१९ साली गेले. त्यानंतरची १७ वर्षे त्या खंबीरपणे उभ्या राहिल्या.

भरवशामुळे दुःख टळते, हा समज मात्र रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांपुढे टिकत नाही. ज्या मनोरमेवर मुक्तीचा कारभार सोपवायचा, ती एकुलती एक मुलगी १९२१च्या जुलैत गेली. रमाबाईंना ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. तरी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ते संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्याच बायकामुलींच्या हातून छापून निघाले.

तुझा,
धाकटा भाऊ