शून्य आणि कोरी जागा

पावसाची जुनी नोंदवही हाती आली, की मी आधी तिच्यातली शून्यं पाहतो. पाऊस झाला नाही म्हणून लिहिलेलं शून्य वेगळं आणि मोजायला कुणी गेलंच नाही म्हणून राहिलेली कोरी जागा वेगळी. संगणकात भरताना कोऱ्या जागी शून्य पडलं, तर त्या गावावर न झालेली उघडीप लादली जाते आणि पुढच्या सगळ्या सरासऱ्या बिघडतात.

नांदेड-लातूरच्या पूर-पावसाच्या नोंदी लावून संशोधकांच्या हाती देणं हे माझं काम. निजामकाळच्या दप्तरात उर्दू लिपी, फसली (महसुली) सन आणि इंच. इंचाला 25.4 ने गुणलं की मिलिमीटर होतात. तारखा जुळवणं जिकिरीचं. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस आदल्या चोवीस तासांचा असतो. त्यात एक दिवस इकडचा तिकडे झाला, तर पाऊस आणि पुराचा मेळच बसत नाही. म्हणून मूळ आकडा मी खोडत नाही. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात, कारणासह लिहितो.

नदीचंही तसंच. नांदेडच्या जुन्या पुलापाशी गोदावरीची धोक्याची पातळी 354 मीटर आहे. पण मोजपट्टीचं शून्य कोणत्या उंचीवर आहे, पट्टी कधी हलवली, हे लिहिलेलं नसेल तर जुन्या-नव्या पुरांची तुलना करता येत नाही. मोठ्या पुरात कधी पट्टीच वाहून जाते. मग भिंतीवरची गाळाची रेघ पुसली जाण्याआधी लेव्हल लावून मोजावी लागते. घरातला चिखल उपसणारी माणसं हातातलं काम ठेवून ती रेघ दाखवतात. त्यांचं हे ऋण मी मानतो.

सप्टेंबर 2021 मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याच्या उरल्यासुरल्या जोरानं मराठवाड्यात मांजरा नदीला पूर आला. 17-18 ऑगस्ट 2025 च्या रात्री मुखेड तालुक्यातल्या लेंडी नदीच्या खोऱ्यात हसनाळ, रावणगाव ही गावं पाण्यात गेली, माणसं दगावली. त्या पाण्यात उदगीरकडचा आणि कर्नाटकातलाही पाऊस होता. पाणी हद्द ओलांडून येतं आणि नोंदी मात्र आपापल्या कपाटात राहतात.

जपलेली नोंद मागणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे, मोजणी केंद्राच्या इतिहासासकट आणि कोऱ्या जागांसकट. हसनाळची माणसं परत येणार नाहीत. पण त्या रात्री कुठे, किती वाजता, किती पाऊस पडला, हे खुलं झालं, तर खालच्या गावाला किती आधी उठवावं लागेल याचा हिशोब मांडता येईल.