बुद्धविहाराच्या वाटेवरची तेलविहीर

आसामात दिब्रुगड जिल्ह्यात, बुढी दिहिंग नदीच्या काठी नामफाके नावाचे ताई-फाके बौद्धांचे गाव आहे. तेथील विहार 1850 सालचा. आपल्या धम्मबांधवांना भेटावे म्हणून आम्ही गेल्या हिवाळ्यात तिकडे गेलो. भंतेजींनी ताई लिपीतील जुन्या पोथ्या दाखविल्या. उपासिकांनी पानात गुंडाळलेला वाफाळता भात वाढला. त्या भाताची चव अजून जिभेवर आहे.

हा सारा तेलाचा मुलूख. जवळच्या नाहरकटियाला 1953 साली तेल सापडले. दुलियाजानकडे जाताना भातखाचरांच्या मधोमध तेलविहिरी दिसतात आणि गॅसच्या ज्योती जळत असतात. माहुल-चेंबूरच्या चिमण्या पाहिलेल्या आम्हाला ज्योतीचे नवल वाटले नाही. पण येथे ज्योतीच्या शेजारी भात पिकतो. याच भागातील तिनसुकिया जिल्ह्यात बागजान येथे 27 मे 2020 रोजी विहीर फुटली. 9 जूनला तिने पेट घेतला. ती आग विझायला नोव्हेंबर उजाडला. हजारो माणसांना घरदार सोडावे लागले.

आग सर्वांना दिसली. माती मात्र बोलत नाही. विहीर खोदताना बराइट या जड खनिजाचा चिखल वापरतात. त्यात बेरियम असतो, शिसे आणि कॅडमियमचा अंशही असू शकतो. कच्च्या तेलात निकेल व व्हॅनेडियम असतात. सांडलेले तेल मातीतले जंतू हळूहळू खातात, पण धातू कोणी खात नाही. तो तेथेच राहतो. कॅडमियम भाताच्या दाण्यात उतरते आणि वर्षानुवर्षे मूत्रपिंडात साठते. शिसे मुलांच्या मातकट हातांतून पोटात जाते व मेंदूच्या वाढीला बाधा आणते.

आमच्यासोबत आलेल्या स्थानिक गुरुजींचे शेत एका विहिरीला लागूनच आहे. त्यांनी सरकारी मृदा आरोग्य पत्रिका आणून दाखविली. माती उत्तम, असे ते म्हणाले. आम्ही पडलो कारकून. रकाने मोजल्याशिवाय राहवेना. नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह... बारा रकाने. शिशाचा एकही नाही, कॅडमियमचाही नाही. ज्याची नोंदच घेतली नाही ते शून्य धरायचे, असा हिशेब आमच्या कचेरीतही कोणी मान्य करणार नाही. शेतात खरेच विष आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण तपासल्याशिवाय नाही तरी कसे म्हणावे?

गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दादा, माझी नात याच बांधावर खेळते."

त्या रात्री कंदिलाजवळ बसून जोरहाटच्या आसाम कृषी विद्यापीठाच्या नावे हिंदीत अर्ज लिहिला: माती, विहिरीचे पाणी आणि तांदूळ, तिन्हींची शिसे व कॅडमियमसाठी तपासणी व्हावी. तोवर नातीचे हात जेवणापूर्वी साबणाने धुवावेत आणि खड्ड्याजवळची पालेभाजी खाऊ नये, असे गुरुजींच्या सूनबाईंना सांगितले. त्यांनी लगेच परसातला वाफा दुसरीकडे हलवायचे ठरविले.

अर्जावर शेजारच्या सात शेतकऱ्यांनीही सह्या केल्या. एक प्रत आमच्यापाशी आहे. उत्तर आले की याच पानावर कळवू.