इतिहासाची एम. ए. पदवी

“इतिहास घेऊन एम. ए. करणार? मग पोटापाण्याचे काय?” हा प्रश्न आम्हास घरच्या वडीलधाऱ्यांनी विचारला, शेजाऱ्यांनीही विचारला. ज्यांचा संसार धानाच्या शेतीवर चालतो, त्यांनी पै-पैचा हिशेब मागावा यात गैर ते काय? म्हणून प्रथम हिशेबच मांडतो. बी. ए. नंतर अभ्यासाची दोन वर्षे. तेवढ्याने महाविद्यालयात अध्यापक होता येत नाही. त्यासाठी बहुधा नेट किंवा सेट ही पात्रता-परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. माध्यमिक शाळेत शिकवावयाचे तर बी. एड. हवे. जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. हे सारे जाणूनच आम्ही हा मार्ग पत्करला आहे.

सनावळ्या पाठ करणे म्हणजे इतिहास, असा समज सर्वत्र आढळतो. एम. ए. च्या अभ्यासात पहिला धडा मिळतो तो मात्र निराळा, तो म्हणजे “हे कशावरून?” असे विचारण्याचा. आपल्या भंडाऱ्याचेच उदाहरण घ्या. हे गाव पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून भांड्यांवरून त्याचे नाव पडले, असे सांगतात. परंतु रतनपूरचा कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात, त्यास खंडणी देणाऱ्या प्रदेशांत ‘भाणार’ हे नाव येते आणि ते भंडाऱ्याचेच असावे असे विद्वान मानतात. एवढ्याने भांड्यांची कथा खोटी ठरत नाही. पण ती खरी म्हणणाऱ्याने त्या काळापूर्वीचा पितळेचा धंदा पुराव्याने दाखविला पाहिजे. अशी पारख एकदा अंगी बाणली की मनुष्य ऐकीव गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवीत नाही, आणि कोणाच्या चिथावणीस सहसा बळीही पडत नाही.

दुसरे कारण आपल्या जिल्ह्याच्या भूमीतच आहे. पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. श्री. शां. भा. देव व श्री. ज. प. जोशी या विद्वानांच्या देखरेखीखाली तेथे विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली असून दान देणाऱ्या उपासकांची नावे त्यांत आढळतात. राजेरजवाड्यांच्या पलीकडची ही साधी माणसे. दोन हजार वर्षांनी त्यांची नावे वाचता आली ती कोणी तरी ती लिपी कष्टाने शिकले म्हणून.

त्याच पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झाले. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली. धरणाने शेतांस पाणी दिले, आणि कित्येक गावे जलाशयाखाली गेली. त्या गावांची देवळे, घाट, आखर, पोळ्याची जागा ही आता केवळ वृद्धांच्या स्मरणात आहेत. त्यांच्यासाठी कोणी कठडा कोरून ठेविलेला नाही. ती माणसे गेली की तो इतिहासही गेला. या आठवणी लिहून घेणे, त्या कागदपत्रांशी ताडून पाहणे, हे काम परगावचा विद्वान येऊन करील अशी वाट पाहणे बरे नव्हे. ते येथल्याच लेकरांनी शिकून केले पाहिजे, असे आम्हास वाटते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, एम. ए. पर्यंत थांबण्याचे कारण नाही. या सुटीत आपल्या आजोबा-आजींजवळ बसा. त्यांच्या लहानपणीचे गाव कसे होते ते विचारा. सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून वहीत उतरवा. आणि पालकांस आमची नम्र विनंती एवढीच, की आपल्या मुलाने उद्या इतिहास शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, तर हिशेब अवश्य विचारावा. परंतु त्याचे उत्तरही पुरते ऐकून घ्यावे.